बोका मुतला, फिनेल ओतलं आणि वास डबल झाला

मागच्या अंकात विचारलं होतं की घरातल्या कुत्र्यामांजरांनी काय काय वाट लावली ते कळवा. पत्रं आली आणि बरीच आली. गंमत म्हणजे बहुतेकांनी प्राण्याने केलेलं नुकसान दोन ओळीत आटपलंय, आणि त्यावर स्वतः जो रामबाण उपाय केला त्याचं रामायण मात्र दोन पानं. निवडक पत्रं खाली देतेय, थोडी कापून. नावं गाळलीत, कारण बऱ्याच जणींनी बजावलंय की सासूबाई हा अंक वाचतात.

प्रश्न : ताई, आमचा बोका दीड वर्षाचा आहे. जूनपासून हॉलमधल्या दिवाणावर, कापसाच्या गादीवरच सू करतो आणि बाजूच्या भिंतीच्या कोपऱ्यात पण. आधी फिनेलने पुसलं, दोन दिवस बरं वाटलं मग परत वास. सासूबाई म्हणाल्या व्हिनेगर मार, ते मारलं. शेवटी वैतागून कपड्यांचं ब्लीच ओतलं तर डोळे एवढे चुरचुरले आणि खोकला लागला की आम्ही सगळे बाहेर पळालो. वास आहे तसाच, बोका परत तिथेच, आणि खालच्या कोटा फरशीवर पांढरट डाग पडलाय तो कशानेच जात नाहीये. गादी टाकून देऊ का?
— डोंबिवली

उत्तर : गादीचं नंतर, आधी त्या खोकल्याचं. मुतात युरिया असतो आणि ते शिळं झालं की त्याचा अमोनिया होतो. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाइन नावाचा विषारी वायू सुटतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं तर क्लोरीन सुटतो. तुमच्या कोपऱ्यात ब्लीच, व्हिनेगर आणि बोक्याची कृपा असं तिन्ही जमलं होतं, म्हणजे जे झालं ते थोडक्यात निभावलं म्हणा. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करणारे पण बरेच आहेत, "दोन्ही स्ट्राँग, मग दुप्पट साफ" असा हिशोब असतो, पण तिथेही क्लोरीनच निघतो आणि मोरी आपली चार बाय चारची, खिडकी बंद. परत असं झालं तर खिडक्या उघडा, सगळे बाहेर जा, बोक्याला पण घेऊन जा, आणि वास जाईपर्यंत कोणी आत जाऊ नका. कोणाला धाप लागत असेल तर सरळ डॉक्टर.

आता वास परत परत का येतो. मांजराच्या मुतात युरिक ॲसिड असतं, ते वाळलं की त्याचे बारीक खडे बनतात आणि ते साध्या पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत. तुम्ही पुसता तेव्हा बाकीचं सगळं निघून जातं, हे खडे तिथेच राहतात, कापसात, भिंतीच्या गिलाव्यात, फरशीच्या सांध्यात. हवा कोरडी असली की गप्प असतात आणि दमट झाली की परत वास सुरू. डोंबिवलीत जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते मी तुम्हाला काय सांगू. फिनेलने काय होतं, तर तुमच्या नाकाला दोन दिवस फिनेल येतं. बोक्याच्या नाकाला खालचं सगळं येतच असतं, वर त्याच्या जागेवर भलताच उग्र वास कोणीतरी लावून गेलंय असं दिसतं, मग तो आपली सही पुन्हा ठोकतो.

आणि फिनेलबद्दल एक नीट ऐका, हे सगळ्या मांजरवाल्यांसाठी आहे. काळ्या फिनेलमधली फिनॉल जातीची द्रव्यं मांजराच्या लिव्हरला निभावत नाहीत, आपण किंवा कुत्रं ती जशी शरीराबाहेर काढतो तसं मांजराला जमत नाही. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक असतं ना घरोघरी, त्याचीही तीच गत. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग बसून पंजे चाटतं, सगळं पोटात. तोंडातून लाळ गळायला लागली, जिभेवर फोड दिसले, खाणं सोडलं तर थांबू नका, बाटली सोबत घेऊन डॉक्टरकडे जा म्हणजे त्यांना नेमकं काय आहे ते कळेल.

मग करायचं काय? ताजं असेल तर घासू नका, जुना टॉवेल दाबून जेवढं टिपून निघेल तेवढं काढा, मग गार पाणी, परत टिपा. गरम पाणी नको. त्यानंतर पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते. लोक हे दोन फवारे मारतात, लगेच पुसतात आणि म्हणतात पैसे वाया गेले! अहो, ते जिथवर मूत मुरलंय तिथवर पोचायला हवं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहायला हवं, एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. त्याआधी फिनेल-ब्लीचचा अंश साध्या पाण्याने दोन-तीनदा काढून टाका, नाहीतर ते एन्झाइमचंच काम तमाम करतात. भिंतीवर नुसता डिस्टेंपर मारून वास दबत नाही, तिथे पण आधी हेच.

गादी फेकू नका. खोळ उसवा, धुवा, भिजलेला कापूस काढून टाका, उरलेला उन्हात घालून पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या, थोडा नवा कापूस घाला. पिंजारी मिळत नसेल किंवा सगळीच गादी गच्च भिजली असेल तर मात्र नवी करा, आणि वर रबरी शीट टाका.

कोटा फरशीवरचा डाग मुताचा नाहीच आहे, तो व्हिनेगरचा आहे. कोटा, शहाबादी, कडाप्पा हे सगळे चुनखडीचे दगड, संगमरवर पण त्याच भाईबंदांतला. आंबट काहीही पडलं, व्हिनेगर, लिंबू, ॲसिड, की वरची पॉलिश खाल्ली जाते. तो डाग नाही, खड्डा आहे म्हणा, त्यामुळे घासून जाणार नाही, पॉलिशवाल्याला मशीन घेऊन बोलवावं लागेल. सासूबाईंना काही बोलू नका, स्टीलच्या बेसिनला त्यांचं व्हिनेगर चालतं.

राहिला बोका. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल झालं तर आधी ते करा, भिंतीला पाठ करून शेपूट थरथरवत फवारा मारायची सवय बहुतेक बोक्यांची त्यानंतर जाते किंवा खूप कमी होते. पण गादीवर बसून करत असेल, वारंवार बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि थेंबच येतायत असं असेल तर ती खोडी नाही, मूत्रमार्ग अडकलेला असू शकतो आणि बोक्याचा जीव त्यात एक-दोन दिवसात जातो. हे वाचत असताना तसं काही दिसत असेल तर अंक खाली ठेवा आणि निघा.

प्रश्न : सोसायटीतली भटकी कुत्री आणि वरच्या मजल्यावरच्यांचा लॅब्रेडॉर, सगळे मिळून माझ्याच स्कूटरच्या मागच्या चाकावर तंगडी वर करतात. लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. कोणी म्हणालं निळ्या ठेवा, त्या ठेवल्या. मग चाकाभोवती मिरचीपूड टाकली तर वारा सुटला आणि नातवाच्या डोळ्यात गेली, घरात महाभारत. आता रोज सकाळी फिनेल शिंपडतो तर हल्ली जास्तच येतात असं वाटतं.
— एक निवृत्त काका, नाशिक

उत्तर : काका, बाटल्या आधी काढा. महाराष्ट्रात एकही गल्ली नसेल जिथे त्या रंगीत बाटल्या नाहीत, आणि त्याच बाटलीला टेकून निवांत झोपलेलं कुत्रं पण प्रत्येकाने बघितलंय. कुत्र्याला मुख्यतः निळा आणि पिवळा रंग कळतो, लाल त्याला मळकट तपकिरी दिसतो, म्हणजे लाल बाटली त्याच्या हिशोबी मातकट पाण्याची बाटली. निळी निदान निळी दिसते, पण दिसली म्हणून भ्यायचं का? त्याला कोणी सांगितलंच नाहीये की भ्यायचं असतं.

तुमचं चाक म्हणजे त्यांचा नोटीस बोर्ड आहे. कोण येऊन गेलं, नर की मादी, कधी, सगळं तिथे वासावर वाचलं जातं आणि मग प्रत्येक जण खाली आपली नोंद करतो. रोज फिनेल शिंपडून तुम्ही बोर्ड पुसत नाही आहात, त्यावर रोज नवीन ठळक नोटीस लावताय. म्हणून जास्त येतात.

मिरचीपूड तर नकोच. नातवाचं तुम्ही बघितलंतच, कुत्र्याच्या नाकाडोळ्यात गेली की तेच होतं, फक्त त्याला नळाखाली डोळे धुता येत नाहीत. मुद्दाम टाकली असं कोणी तक्रारीत लिहिलं तर १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आहे, उगाच पोलीस स्टेशनच्या चकरा.

सगळं एकदाच नीट करा. टायर, रिम, स्टँड, खालची फरशी साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुवा आणि एन्झाइमचं क्लीनर लावा. ॲसिड नको, रिमची चकाकी जाईल आणि गंज लवकर पकडेल, मुतातल्या क्षारांनी तो तसाही धरतोच. मग रात्री गाडी लावली की चाकाला जुन्या फ्लेक्सचं कव्हर अडकवा, ते धुता येतं. जमलं तर आठवडाभर गाडी दुसरीकडे लावा. आणि लॅब्रेडॉरच्या मालकांना सांगा की लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या पट्टा सैल सोडू नका, गेटबाहेर न्या. भटक्यांना कोण बोलणार, पण हा तर पट्ट्याला बांधलेला आहे आणि पट्टा माणसाच्या हातात आहे!

प्रश्न : रविवारी पाहुणे होते, आमच्या पॉमने कोणाचं लक्ष नसताना तांबड्या रश्श्याचं पातेलं चाटून साफ केलं आणि नंतर दिवाणखान्यातल्या पांढऱ्या सोफा कव्हरवर सगळं बाहेर काढलं. मी लगेच खायचा सोडा भुरभुरला कारण सगळीकडे सांगतात सोडा वास ओढतो. तर पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला, रक्त सांडल्यासारखा. कव्हर गेलं का?
— कोल्हापूर

उत्तर : नाही गेलं, हळदीने रंग बदललाय एवढंच. हळदीतलं पिवळं द्रव्य अल्कली लागलं की लाल होतं. सोडा, साबण, कपड्याची पावडर, चुना, सगळ्यांनी होतं, कुंकू हळदीपासूनच करतात ते याच जोरावर. थोडं लिंबाचं पाणी लावलंत तर परत पिवळं झालेलं दिसेल, कव्हर सुती असेल तर लिंबाने बिघडत नाही. त्याआधी तेल आणि तिखट काढायला भांडी घासायचं लिक्विड लावून गार पाण्याने धुवा, सोड्याचा अंश राहू देऊ नका, मग कडक उन्हात ओलंच वाळत घाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, एकदोन दिवसात फिका पडत पडत जाईल. रंगीत कव्हर असतं तर उन्हाचं जपून सांगितलं असतं.

कव्हरपेक्षा मला पॉमची काळजी आहे. रश्श्यात कांदा-लसूण भरपूर, आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, पण लगेच काही दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतं. हिरड्या पांढरट पडणं, लघवी गडद तपकिरी, मरगळ. उलटीत बरंच बाहेर पडलं असेल, तरी एवढ्याशा कुत्र्याने पातेलं चाटलंय म्हटल्यावर डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, वाट बघत बसू नका.

प्रश्न : आजोबांच्या वेळचं सागवानी डायनिंग टेबल आहे. पाच महिन्यांच्या बीगलने त्याचे दोन पाय कुरतडून ठेवलेत. मी मिरचीपूड तेलात कालवून लावली, तर तो पंजाने डोळे चोळत किंचाळत घरभर पळाला आणि दुसऱ्या दिवशी परत तोच पाय. मग कोणी म्हणालं चावायला जुनी चप्पल द्या. दिली. आता तो सगळ्यांच्याच चपला खातो, पाहुण्यांचे बूट धरून. ऑनलाइन मागवलेला कडू स्प्रे मारला तर टेबलाची पॉलिश पांढरी पडली. आता मी सुताराला बोलवू की कुत्रा द्यायला गिऱ्हाईक बघू?
— पुणे

उत्तर : सुताराला बोलवू नका, निदान आत्ता तरी नाही. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, ते चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतात. तुमचा बीगल त्या ऐन मधल्या काळात आहे, हिरड्या ठणकतायत, त्याला काहीतरी चावायलाच हवं आणि सागवान काय छान लागतं, ना फार कडक ना फार मऊ. आत्ता पाय दुरुस्त केलेत तर तो नवीन लिंपलेलं आधी खाईल.

चपलेचं लॉजिक सगळ्या पुण्यात चालतं, का ते मला कळत नाही. पिल्लाला तुमची जुनी चप्पल आणि भाच्याचे नवे बूट यात काय फरक दिसणार? दोन्हीला माणसाच्या पायाचा वास, दोन्ही चामड्याचे नाहीतर रबराचे. तुम्ही त्याला शिकवलंत की पायाचा वास येणारी वस्तू चावायची असते, तो हुशार निघाला आणि शिकला. जुने मोजे गाठ मारून देणारे पण आहेत, त्यात तर मोजा गिळून आतड्यात अडकायची भीती, मग ऑपरेशन.

त्याला द्या फ्रीजमध्ये गार केलेलं जाडं गाजर, तुम्ही समोर बसलेले असताना. कुत्र्यांसाठीचं पोकळ रबरी खेळणं मिळतं, त्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये गोठवून द्या, दुपारचा एक तास शांततेत जातो. शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. आणि टेबलाच्या पायाला हात लावू द्यायचाच नाही, म्हणजे पायांना पत्र्याचे किंवा जाड पीव्हीसी पाईप उभे चिरून त्याचे बूट घाला. दिसतं बावळट, पण तीन महिने कोणाला जेवायला बोलवू नका, किंवा बोलवा आणि सांगा ही नवीन फॅशन आहे.

कडू स्प्रेचं काय झालं ते सांगते. त्यातल्या काहींमध्ये स्पिरिट असतं. जुन्या सागवानी फर्निचरला जी पॉलिश असते ती चपड्याची, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने बोळा मारून केलेली. जे स्पिरिटमध्ये विरघळून लागलंय ते स्पिरिट पडलं की परत विरघळणारच. सॅनिटायझर, परफ्युम, सगळ्यांनी तेच पांढरे चट्टे पडतात. स्प्रे वापरायचाच तर पाण्यातला बघा आणि आधी टेबलाच्या खालच्या बाजूला एक थेंब लावून रात्रभर ठेवा. बरं, काही कुत्र्यांना कडू लागतच नाही, ती चाटून पुसून घेतात.

दात पक्के झाले की मग पाय करायला घ्या. खोल खड्डे असतील तर सुतार सागवानाचाच भुसा लाकडाच्या गोंदात कालवून भरतो, वाळला की घासून चपडा. भराव घालण्यासाठी फुगणारा पॉलियुरेथेन गोंद मात्र आणू नका आणि आणलात तर बाटली कपाटात कुलपात. पिल्लाने तो चाटला तर पोटात जाऊन फुगतो, दगडासारखा घट्ट होतो आणि पोट फाडूनच काढावा लागतो. तुमच्या टेबलाचे पाय चिरंजीव होतील, पण कुत्रा राहायला हवा ना.

गिऱ्हाईक बघायची गरज नाही. आठव्या महिन्यात परत पत्र लिहा.

प्रश्न : मांजर साड्यांच्या कपाटात शिरून झोपते, पैठणीवर केसच केस. म्हणून आत डांबरगोळ्या टाकल्या. मांजर जायचं थांबलं नाही, उलट एक गोळी फरशीवर ढकलत खेळत होती. चालेल ना?
— सातारा

उत्तर : नाही चालणार, आजच्या आज काढा, सगळ्या मोजून. डांबरगोळीत नॅफ्थलीन असतं, मांजर-कुत्र्याने एक गोळी चघळली तरी रक्तातल्या पेशी फुटू शकतात, लिव्हरला त्रास होतो. घरात लहान मूल असेल तर त्यालाही तेच. कापूर पण नको, निलगिरीचं तेल पण नको, दोन्ही मांजराला बाधतात. कपाटाला चांगली कडी लावा, पैठणी सुती कापडात गुंडाळून ठेवा, आणि मांजराला कपाटाच्या वरच एक खोकं आणि त्यात तुमची जुनी सुती साडी टाकून द्या. तिला अंधार, उंची आणि तुमचा वास हवाय, पैठणीचं तिला काही नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, घरभर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. कुत्र्याने बेडरूममध्ये बऱ्याचदा सू केलं. मी भाड्याने स्टीम क्लीनर आणला, दोनदा फिरवला. वाळल्यावर डाग आधीपेक्षा मोठा आणि वास पण जास्त. बेकिंग सोड्याचा एक अख्खा डबा ओतून व्हॅक्युम केला तर व्हॅक्युमच बंद पडला. दोन महिन्यांनी घर सोडायचंय, डिपॉझिट जाईल का?
— मूळचे सांगलीकर

उत्तर : वाफेने काय झालं, तर एक म्हणजे उष्णतेने मुतातली प्रथिनं आणि रंग धाग्यात पक्के बसले, आणि दुसरं म्हणजे भरपूर पाणी खालच्या गादीसारख्या पॅडपर्यंत गेलं, तिथला जुना साठा त्याने ओला केला आणि वाळताना तो सगळा वर धाग्याच्या टोकाला चढला. म्हणून डाग मोठा. खाली पॅडमध्ये बशीएवढं पसरलेलं असतं आणि वर दिसतो रुपयाएवढा ठिपका, आपण त्या ठिपक्यालाच धूत बसतो. सोड्याची पूड इतकी बारीक असते की व्हॅक्युमचा फिल्टर चोंदतो, कधी मोटरपर्यंत जाते, फिल्टर काढून झटकून बघा, कदाचित मशीन जिवंत असेल.

नोटा तपासायचा तो जांभळ्या प्रकाशाचा यूव्ही टॉर्च आणा, स्वस्त असतो. रात्री लाइट घालवून जमिनीजवळ धरा, वाळलेलं मूत फिकट पिवळट-हिरवट चमकतं, खडूने खुणा करून घ्या. आणि थोडी मनाची तयारी ठेवा, आकडा बहुतेक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो. त्या जागी एन्झाइमचं क्लीनर पॅडपर्यंत मुरेल एवढं ओता, वर ओला टॉवेल, मग बराच वेळ राहू द्या, टिपा, पंखा लावून वाळवा. हायड्रोजन पेरॉक्साइड मारायचा मोह होईल, तिकडे ३ टक्क्यांचं कुठेही मिळतं, पण ते रंग उडवतं, तेव्हा कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात आधी बघा. आणि पेरॉक्साइड-सोडा-साबण असं मिश्रण करून उरलेलं बाटलीत बूच लावून ठेवू नका, आत गॅस साठतो आणि बाटली फुटते.

तरी वास राहिला तर खालचं पॅड आणि त्याखालची लाकडी फळीच प्यायलेली आहे. मग कार्पेटचा तेवढा भाग उचलून पॅड बदलतात आणि फळीवर शेलॅकचा प्रायमर मारतात, तो वास आत कोंडतो. शेलॅक म्हणजे आपला चपडाच, वर पुणेकरांच्या टेबलावर आला तो. पण भाड्याचं घर आहे, तेव्हा हे स्वतः करू नका, घरमालकाला आधीच लेखी कळवून विचारा. लपवून निघताना सापडलं तर ते अख्ख्या खोलीचं कार्पेट तुमच्या नावावर लावू शकतात.

प्रश्न : घरी पोपट आहे, पिंजऱ्यातून सोडला की खिडकीची लाकडी चौकट कुरतडतो. चौकटीला काय लावू?
— नांदेड

उत्तर : आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट असेल तर तो घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कितीही लाडाचा असला तरी. शिवाय जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि तो ते खातोय. असाच बाहेर सोडून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला जगत नाही. वनखात्याची हेल्पलाइन आहे, १९२६, तिथे फोन करा.

प्रश्न : मांजराने सोफ्याचा हात ओरबाडून चिंध्या केल्या. पाण्याची पिचकारी मारतो तर आम्ही घरी असेपर्यंत गप्प, बाहेर गेलो की सुरू. नवरा म्हणाला सुपरग्लूने चिकटवतो, तर कापडातून चक्क धूर आला आणि त्याचं बोट भाजलं. खरंच ग्लूने आग लागते का?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सुती कापड किंवा कापूस आणि सुपरग्लू एकत्र आले की तो इतक्या झपाट्याने घट्ट होतो की बरीच उष्णता बाहेर पडते, चटका बसतो, धूर पण येतो. ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण ते वाचतंय कोण. शिवाय ग्लू सुकला की काचेसारखा कडक कंगोरा होतो आणि मांजराला नख अडकवायला तो आधीच्या कापडापेक्षा बरा. फाटलंय तिथे सुई-दोऱ्याने आतून ठिगळ लावा किंवा सरळ हाताचंच कापड बदला.

पिचकारीने मांजर एवढंच शिकलं की तुम्ही असताना ओरबाडायचं नाही, तुम्ही म्हणजे पाणी. ते त्याच्या बाजूने बरोबरच आहे. पंज्यांच्या गादीत वासाच्या ग्रंथी असतात, ओरबाडून ते आपली जागा ठरवतं, जुनं नख काढतं, आळस देतं, आणि सोफा म्हणजे घराची मोक्याची जागा. तेव्हा सोफ्याच्या अगदी शेजारी, गॅलरीत नाही, सोफ्याच्या शेजारी, अडीच-तीन फूट उंच खांब उभा करा, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. खाली जड पाट ठोका, हलला तर ते परत त्याला शिवणार नाही. आणि त्याच वेळी सोफ्याच्या हाताला दोन्ही बाजूंनी चिकट असलेला टेप लावा, चिकचिक त्यांना अजिबात आवडत नाही. फक्त टेप रेक्झिनवर असेल तर आधी मागच्या बाजूला लावून बघा, नाहीतर काढताना रेक्झिनचा वरचा थर टेपबरोबर निघून यायचा आणि मग पुढचं पत्र त्याचं.

पुढच्या अंकात पावसाळ्यातल्या गोचिडांवरची पत्रं घेणार आहे. त्यात बऱ्याच जणांनी कुत्र्याला रॉकेल किंवा पेट्रोल चोळल्याचं लिहिलंय. त्यांनी अंकाची वाट बघू नका. भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात त्याला आंघोळ घाला, अंग चाटू देऊ नका, आणि आजच डॉक्टरकडे न्या.